बेडफर्डचे ठोकळे

माझं सध्याचं पोस्टिंग कॅरी, नॉर्थ कॅरोलायना. मुलगी वैशाली इथं औषधांच्या कंपनीत आहे. जावई निखिल नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये. मी सुभेदार पांडुरंग जगताप, निवृत्त. ट्रेड ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं फौजेच्या गाड्या चालवल्या. इथं मला लायसन नाही, त्यामुळे मी पॅसेंजर.

०५३० वाजता उठतो. चहा स्वतः करतो. ०६१५ वाजता निखिलच्या गाडीची फर्स्ट परेड, म्हणजे गाडी बाहेर काढण्याआधीची तपासणी. टायर, तेल, पाणी, दिवे. निखिल म्हणतो, "बाबा, गाडी स्वतःच सांगते काय बिघडलंय ते. स्क्रीनवर येतं." मी म्हणतो, येऊ दे. ड्रायव्हरला ट्रेनिंगमध्ये पहिला धडा मिळतो तो संशयाचा. टायर चांगला दिसतोय? लाथ मारून बघ. टाकी भरलीय म्हणतोय? काठी घालून बघ. माणसांच्या बाबतीतही मी तेच करतो. त्याबद्दल घरात माझी थट्टा होते, पण माझी एकही गाडी कधी रस्त्यात बंद पडलेली नाही.

इथल्या मराठी मंडळाचे लोक सारखे मागे लागतात, "काका, फौजेतला एखादा थ्रिलिंग किस्सा सांगा ना, यार!" मी टाळत आलो. आता लिहून देतोय. थ्रिलिंग आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी निखिल जेवताना म्हणाला, "बाबा, उद्या तुम्हाला एक जुनी लॉरी दाखवायला नेतो. ब्रिटिश आहे. बेडफर्ड."

माझा घास हातातच राहिला. सहा महिन्यांत ह्या माणसानं मला ग्रोसरीच्या दुकानापलीकडे कुठं नेलेलं नव्हतं. आणि बेडफर्ड हा शब्द ह्याला दिला कुणी? मी या घरात तो कधीच काढलेला नाही. टाटाच्या गाड्यांच्या गोष्टी सांगितल्या, शक्तिमान ट्रकच्या सांगितल्या. बेडफर्डच्या नाही. मी वैशालीकडे पाहिलं. ती लगेच पोळी आणायला उठली. ताटात दोन पोळ्या होत्या.

पाणी कुठंतरी मुरत होतं.

शनिवारी ०९४० वाजता दारात एक गाडी आली. नंबर प्लेट व्हर्जिनियाची. आतून पंचविशीची एक मुलगी उतरली, वाकून नमस्कार केला. नाव मृणाल कदम. हर्नडनला नोकरी करते. निखिल म्हणाला, "ही पण येतेय आपल्यासोबत. तिला ओल्ड व्हेइकल्सचा इंटरेस्ट आहे."

हर्नडन ते कॅरी पाच तास. म्हणजे पोरगी पहाटे पावणेपाचला निघाली. एका गंजक्या लॉरीसाठी?

मी पुढं बसलो, ती मागं. प्रश्न सुरू झाले. "काका, तुम्ही कुठल्या भागात होतात? डोंगरात होतात ना? तेव्हा तुमचं वय काय होतं? को-ड्रायव्हर म्हणजे नक्की काय काम करतो?" आवाज गोड होता, पण प्रश्न ओळीनं लावून आणलेले होते. फौजेच्या चौकशीत, म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, असेच विचारतात. आरशात पाहिलं तर फोन मांडीवर पालथा ठेवलेला. मी ठरवलं, ही इन्शुरन्सवाली असणार, नाहीतर गावाकडच्या जमिनीच्या भानगडीतली.

"सही कुठं पाहिजे ते आधी सांग," मी म्हणालो.

निखिल खोकला. मुलगी म्हणाली, "काका, आधी लॉरी तर बघू."

शहराबाहेर तंबाखूचं एक जुनं कोठार आहे. मालक वॉल्टर, माझ्याच वयाचा, अमेरिकन आर्मीतला निवृत्त मेकॅनिक. निखिलनं माझी ओळख करून दिली तशी त्यानं कॅप काढली आणि हात पुढं केला. म्हणाला, "सार्जंट." मी म्हणालो, "सुभेदार." तेवढं झाल्यावर आमचं जमलं.

दार सरकवलं आणि ती दिसली. थ्री टन बेडफर्ड. चपटं नाक, गोल डोळे, उजवीकडे स्टिअरिंग. वॉल्टरनं ती इंग्लंडहून जहाजानं आणवली होती. रंग ताजा, पितळ चकचकीत. पेट्रोल आणि जुन्या कॅनव्हासचा वास होता, तो मात्र अगदी तोच.

मी सवयीनं एक चक्कर मारली. मागच्या दोन्ही चाकांना, गाडी सरकू नये म्हणून लावतात ते लाकडी ठोकळे लावलेले होते. जमीन सपाट काँक्रीटची. मी बोट दाखवलं. वॉल्टर हसला, "हॅबिट." बरोबर आहे. सपाटीवरसुद्धा ठोकळे. हा माणूस खरा फौजी होता.

मग मी चढलो, आणि डाव्या सीटवर बसलो. वॉल्टर ओरडला की ड्रायव्हरची सीट त्या बाजूला आहे. मला ठाऊक होतं. बेडफर्डमध्ये माझी जागा डावी. उजवीकडे ती मुलगी चढून बसली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, आणि समोर बघत विचारलं,

"काका, ठोकळे कुठं ठेवायचे यात?"

माझा हात आपोआप मागं गेला. केबिनच्या मागं, डाव्या अंगाला लोखंडी पट्टीची खोबण असते, तिथं. हात अर्ध्यावर थांबवला मी.

"तू कोण?"

"लान्स नाईक ज्ञानदेव शेलार माझे आजोबा. माझी आई त्यांची मुलगी."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. शुक्रवारपासून मी सगळ्यांवर संशय घेत होतो, आणि पकडायला आले होते मलाच. मी ओरडलो. "फसवून आणलंत मला! माझ्याच घरात कट केलात!" खाली उतरलो आणि कोठाराबाहेर चालू लागलो. कुंपणाला धरून उभा राहिलो.

मृणाल मागून आली. हातात प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद. "मंडळातून मी वैशालीताईचा पत्ता काढला. तीच म्हणाली, सरळ विचारलं तर बाबा दार लावून घेतील. हा कागद आजीच्या ट्रंकेत होता. इंग्लिशमध्ये. इतकी वर्षं कुणी तिला नीट वाचूनच दाखवला नाही. मी वाचला. त्यात लिहिलंय, चाकांना ठोकळे न लावता गाडी उभी केली, ड्रायव्हरचा स्वतःचा निष्काळजीपणा. साक्षीदार म्हणून तुमचं नाव आहे."

मी कागद हातात घेतला नाही.

"काका, मी भांडायला नाही आले. गावच्या वेशीत शहिदांचं स्मारक आहे, त्यावर आजोबांचं नाव नाही. गाव म्हणतं, प्यालेला ड्रायव्हर होता. गाडीतून दारूचा वास येत होता म्हणे. आजी आता सत्तरीची आहे. तिनं मला एवढंच सांगितलं, जगताप बरोबर होता, त्याला विचार, ह्यांनी घेतली होती का."

शेलार आणि दारू! मला एकदम हसू आलं, आणि मग रडू आलं. हो, रडलो. सदुसष्ट वर्षांचा माणूस, परदेशात, कुंपणाला धरून.

आता जे घडलं ते सांगतो. क्रमानं सांगतो.

ईशान्येकडच्या डोंगरात आमची ट्रान्सपोर्ट प्लाटून होती. मी बावीस वर्षांचा शिपाई, को-ड्रायव्हर. माझे ड्रायव्हर लान्स नाईक शेलार, अठ्ठावीस वर्षांचे, आमच्या शेजारच्या तालुक्यातले. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. आमची गाडी म्हणजे म्हातारी बेडफर्ड, तेव्हाच जुनी झालेली. उस्ताद दारूला शिवत नसत. स्वतःच्या वाट्याची रम देऊन बदल्यात दुधाचे डबे घ्यायचे आणि सुट्टीला जाताना लेकीसाठी घेऊन जायचे. ती लेक म्हणजे या मृणालची आई, तेव्हा दोन वर्षांची.

वर्षातून एकदा ॲडमिन इन्स्पेक्शन असतं. मोठे साहेब येतात, सामान मोजतात. फौजेत कमी सामान जसा गुन्हा, तसं जास्त सामानही गुन्हाच. आणि प्रत्येक प्लाटूनकडे जास्तीचं असतंच. अडीनडीला लागेल म्हणून साठवलेले टायर, स्प्रिंगा, जेरिकॅन, साखळ्या. त्याला आम्ही बक्शी माल म्हणायचो. मग रिवाज असा, की इन्स्पेक्शनच्या दिवशी सगळा बक्शी माल एका गाडीत भरायचा आणि ती गाडी ड्यूटीच्या नावानं बाहेर पाठवायची. साहेब गेले की परत. आजही कुठं ना कुठं हेच चालत असेल, मला खात्री आहे.

त्या वर्षी आमच्या गाडीची पाळी होती. दुप्पट माल भरला. वर मेसमधल्या जास्तीच्या रमच्या दोन पेट्या.

आदल्या दिवशी हवालदार बलबीर फेरीला आले. ते आमच्या सगळ्या गाड्यांचे इनचार्ज. शेजारच्या गाडीचे ठोकळे नव्हते. डिसेंबरच्या थंडीत कुणीतरी ते शेकोटीत जाळले होते. प्रत्येक गाडीपुढं दोन रंगवलेले ठोकळे दिसायलाच हवेत. बलबीर म्हणाले, "जगताप, तेरी गाडी तो बाहर जा रही है. तेरे ठोकळे इधर लगा दे." मी काढून दिले. वर लाल-पांढरा रंगही मारला, शाबासकी मिळावी म्हणून. उस्तादांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं हे मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यांनी नाही म्हटलं असतं, ते मला माहीत होतं.

०७३० वाजता निघालो. निघताना उस्तादांनी फर्स्ट परेड केली. टायर, तेल, पाणी. ठोकळे मी बघायचे, ते को-ड्रायव्हरचं काम. त्यांनी विचारलं, "सगळं ठीक?" मी म्हणालो, "ठीक, उस्ताद."

१०४० वाजता वरच्या वळणाजवळ रुंद जागा पाहून गाडी उभी केली. तोंड चढाकडे. पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला. उस्तादांनी हँडब्रेक पूर्ण ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि म्हणाले, "ठोकळे लाव." मी बलबीरची गोष्ट सांगितली. त्यांनी मागं भरलेल्या मालाकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाढवा, दुप्पट वजन आहे." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते खाली उतरले, डोंगराच्या कडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि मागच्या चाकाला लावला. बुटानं ठोकून घट्ट केला.

"खाली पोस्टवर जा. साहेब गेले का विचार. वर येताना दुसऱ्या चाकाला दगड घेऊन ये. उशीर करू नको."

पोस्ट अर्धा किलोमीटर खाली. सिग्नलचा जवान वायरलेसवर होता. माझ्यासमोर त्यानं विचारलं, "मेहमान गया? ओव्हर." उत्तर आलं, "मेहमान अभी लाइन में है. इंतजार करो. आउट." म्हणजे साहेब अजून बराकीतच होते. मी ११०५ वाजता वर निघालो. गाडीच्या अलीकडच्या वळणावर, डोंगराच्या अंगाला ताडपत्री लावून रस्त्याचे मजूर बसले होते. नऊ जण, त्यांत तीन बाया. त्यांनी चहा दिला. मी बसलो. दगड घ्यायचा आहे हे लक्षात होतं. म्हटलं, चहा पिऊन घेऊ.

११२० वाजता वरून दगड फुटल्यासारखा आवाज आला. बेडफर्ड उलटी खाली येत होती. सरळ आमच्याकडे. उस्ताद बाजूनं पळत होते. ते बाजूला राहिले असते तर वाचले असते, यात काही शंका नाही. त्यांनी पायरीवर उडी मारली, दार उघडलं, आत शिरले. मला ओरडणं ऐकू आलं, "जगताप! हट! हट!" डोंगराला गाडी घासून थांबवायची असं आम्हाला शिकवतात. पण डोंगराच्या अंगाला आम्ही बसलो होतो. त्यांनी स्टिअरिंग दरीकडे फिरवलं. आमच्यापासून दहा-बारा पावलांवर मागची चाकं कडेवरून उतरली, आणि मग गाडी दिसेनाशी झाली. माझ्या हातात चहाचा पेला तसाच होता.

दरीत उतरायला पाऊण तास लागला. रमच्या बाटल्या फुटून सगळीकडे सांडली होती. उस्तादांच्या वर्दीवरही. वर आलो तेव्हा दगड पाहिला. उभा चिरला होता, दोन तुकडे.

संध्याकाळी बलबीर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ठोकळ्यांचं नाव काढलंस तर विचारतील, गेले कुठं? मग विचारतील, गाडीत माल कसला? सगळी प्लाटून जाईल. जानेवाला गया." कोर्ट ऑफ इन्क्वायरीत साहेबांनी मला एकच गोष्ट विचारली. "गाडीला ठोकळे लावलेले होते?" मी म्हणालो, "नहीं, साब." शब्दाला शब्द खरं. एवढं खरं बोलून मी एका माणसाला आयुष्यभराचा निष्काळजी ठरवलं. ज्यानं मला वाचवलं त्यालाच.

पुढं पंचेचाळीस वर्षं मी काय केलं माहीत आहे? उस्तादांवर संशय घेतला. मनात म्हणायचो, हँडब्रेक खरंच पूर्ण ओढला होता का? गिअर बरोबर पडला होता का? मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी म्हणायचो. त्यांची चूक निघाली की माझी कमी होणार होती. माणूस स्वतःला वाचवायला किती खाली जातो बघा.

हे सगळं मी मृणालला कुंपणापाशी सांगितलं. वॉल्टर कॉफी घेऊन आला होता, तो आमची तोंडं पाहून कप जमिनीवर ठेवून परत गेला. मृणाल म्हणाली, "तुम्ही चहा पीत होतात."

"हो."

"आणि ते नऊ जण वाचले."

"दहा," मी म्हणालो.

तिनं मला माफ केलं वगैरे काही नाही. तोंड फिरवून डोळे पुसले आणि म्हणाली, "हे लिहून द्याल? सहीनिशी?" म्हणजे सहीचा माझा अंदाज बरोबरच निघाला. मी म्हणालो, देतो.

ती सोमवारपर्यंत कॅरीतच राहिली. मी रविवारी बसून मराठीत चार पानं लिहिली, वैशालीनं इंग्लिश केलं. वैशालीला माझ्या तोंडून हे कधीच कळलं नव्हतं. टाइप करताना मध्येच ती उठून आत गेली, बऱ्याच वेळानं आली, आणि पुढचं पान मागितलं. सोमवारी सकाळी नोटरीपुढं सही केली. नोटरी बाईंनी विचारलं, तुम्ही हे स्वखुशीनं करताय ना? मी म्हणालो, येस मॅडम. त्या कागदावर माझ्यावर काय कारवाई होईल ती होवो. पेन्शन थांबवली तर जावयाच्या घरी खाईन, तो काही बोलणार नाही. स्मारकावर नाव चढेल की नाही, ग्रामपंचायत आणि रेकॉर्ड ऑफिस ठरवेल. पण वाट पाहायला सगळ्यांकडेच वेळ आहे असं नाही. म्हणून मीच मृणालला म्हटलं, आजीला फोन लाव. आताच.

व्हिडिओ कॉल लागला. तिकडे संध्याकाळ होती. अनुसया वहिनींना मी त्यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, अस्थी घेऊन गेलो होतो तेव्हा. तेव्हाही त्यांनी विचारलं होतं, काय झालं? मी म्हणालो होतो, ॲक्सिडेंट. आता पडद्यावर एक म्हातारी बाई होती. मागं भिंतीवर उस्तादांचा वर्दीतला फोटो, हार घातलेला.

मी उठून सावधान उभा राहिलो. का, ते मला सांगता येत नाही.

"वहिनी, मी पांडुरंग जगताप. शेलार उस्तादांचा को-ड्रायव्हर. त्यांनी घेतलेली नव्हती. त्यांनी आयुष्यात घेतली नाही. गाडीत दुसऱ्यांच्या बाटल्या होत्या, त्या फुटल्या. ठोकळे मी काढून दिले होते. चूक माझी होती, ती त्यांच्या नावावर लागली. मी गप्प बसलो."

त्या एकटक बघत राहिल्या. आवाज गेला की काय म्हणून मृणालनं फोन हलवला. मग वहिनी हळूच बोलल्या.

"दर साली पितरांना पान वाढताना मी ह्यांना बोल लावत आले, भाऊजी. म्हणायची, दारूपायी गेलात. दोन वर्षांची लेक घरात, आणि चाकाला साधा दगड लावायची शुद्ध राहिली नाही तुम्हाला."

"दगड लावला होता, वहिनी," मी म्हणालो. "दोन्ही हातांनी उचलून आणला आणि लावला. बुटानं ठोकून घट्ट केला. मी बघितलंय."

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. मग मान वळवून भिंतीकडे पाहिलं, आणि आमच्याकडे न बघताच म्हणाल्या,

"फोन ठेवा आता. मला ह्यांच्याशी बोलायचंय."